धुळीतलं लेकरू

उकव्याच्या खाणवस्तीत घरोघरी बाळांना न्हाऊ घालायची ती तुळसाबाई. खाणीची काळी धूळ पाळण्यापर्यंत पोचायची, त्यामुळे तिचा पाय एका घरी ठरत नसे.

एकदा ती माझ्या मुलीला पायांवर घेऊन पाणी घालत होती. मी उगाच शहाणपणाने मासिकातलं सांगितलं, की नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्याभोवती धूळ असते आणि त्याचा उजेड ठरावीक काळाने वाढतो, मंदावतो.

तिचा हात थांबला. "थे धूळ कवा जाते, गुरुजी?"

"लाखो वर्षांनी, आपोआप."

"तवरिक कोनी न्हाऊ घालत नाही त्याले?"

मी हसलो. ती चहा न घेताच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दारातूनच तिने विचारलं, "आज कसं हाये लेकरू?"

मी मुलीला पुढे केलं.

"हे नाही, गुरुजी. थे धुळीतलं."