करंजाचं डिझेल

चहा घेता घेता माझी फजिती ऐका. फजिती कसली, बहिणीचं ठरू घातलेलं लग्न मोडायला निघालो होतो मी.

बायोडिझेल हे नाव नुकतंच आमच्या पोंभुर्ण्याकडे पोचलं होतं. झाडाच्या बियांच्या तेलावर इंजिन चालतं, असं पेपरात वाचलं आणि मला राहवेना. बांधावर करंजाची चार झाडं. त्यांच्या बिया जमवल्या, तेलाच्या घाणीवर नेल्या. त्याच फेरीत घरचा जवसही गाळून आणला, खायच्या तेलासाठी. दोन्ही तेलं सारख्याच पांढऱ्या कॅनमध्ये. एखादी खूण करावी, एवढं तरी सुचावं की नाही?

दुसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीला, लताला, पाहायला पाहुणे येणार होते. सकाळी भज्यांसाठी एक कॅन बायकोला दिली. तिनं झाकण उघडलं.

"अवो, या तेलाचा वास निराळाच येऊन राह्यला."

"ताज्या घाणीचं आहे, असंच असते," असं म्हणून मी दुसरी कॅन उचलली आणि हरभऱ्याच्या वावरात गेलो.

विहिरीवरच्या पंपाच्या इंजिनाच्या टाकीत अर्धं डिझेल, अर्धं तेल घातलं. हँडल मारलं आणि इंजिन सुरू! बघायला जमलेल्यांत शेजारचे नामदेवभाऊ होते. त्यांनी नाक वर केलं.

"भाऊ, धुराले भज्याचा वास काऊन येऊन राह्यला?"

"शुद्ध तेल आहे ना," मी म्हणालो. इतक्या आत्मविश्वासानं, की त्यांनाही ते पटलं.

पाहुणे आले तर त्यांनाही बसवरून थेट वावरातच नेलं. मुलाच्या वडिलांनी इंजिनाभोवती दोन चकरा मारल्या. "पोरीचा भाऊ हुशार आहे," ते मुलाला म्हणाले. माझे पाय जमिनीवर राहतात कशाला?

घरी भजी आली. मुलाच्या वडिलांनी एक तोंडात टाकलं आणि चावणं थांबलं. मुलानं मात्र भिडेखातर दोन गिळली.

"भाऊ, तेल कशाचं आहे हे?" वडिलांनी मला विचारलं.

"घरच्या जवसाचं."

"आमच्या बैलाले खरूज झाली होती, तवा हेच चोपडलं होतं मी. करंजाचं आहे हे."

"मी सकाळीच म्हटलं होतं," बायको दारातून म्हणाली.

तेवढ्यात मुलगा उठून अंगणात धावला. त्याच्या ओकाऱ्या घरात ऐकू येत होत्या. लता तांब्या घेऊन त्याच्यामागे गेली. मी त्या थाळीकडं बघत बसलो. हिचं लग्न मी मोडलं, एवढंच डोक्यात.

बऱ्याच वेळानं दोघं हसत आत आले. मुलगा वडिलांच्या कानात काहीतरी बोलला. वडिलांनी माझ्याकडं पाहिलं.

"पोरगी पसंत आहे आमाले. पण एक अट आहे."

मी हात जोडले. "सांगा."

"लग्नाच्या सैपाकाचं तेल आमी आणू. अन् तुमी चुलीजवळ यायचं नाई."

लग्न थाटात झालं. आचाऱ्यानं मला दोनदा हाकललं. मी नुसतं पाणी प्यायला गेलो होतो.