स्थिर काय धरलंस?

परभणीच्या स्टेशनवर आई रडली नाही. लाडवांचा डबा सीटखाली नीट बसतोय की नाही, यातच तिचं लक्ष होतं. माझे वडील, अण्णा, खिडकीशी येऊन म्हणाले, "नाही जमलं तर परत ये. त्यात कमीपणा नाही." भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करायला दिल्लीला निघालेल्या मुलीला हा आशीर्वाद जरा विचित्रच होता.

जमेलच याची मला खात्री होती, कारण मला सगळं पाठ होतं. आमच्याकडे सिद्धता पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत घोकायची रीत. बी.एस्सी.ला त्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं.

दिल्लीत सरांनी फळ्यापाशी बोलावलं. वायूचं तापमान वाढवायला किती उष्णता लागते, याचं डेरिव्हेटिव्ह मी घडाघडा लिहिलं. ते म्हणाले, "अच्छा. पर स्थिर क्या रखा?" कंसाबाहेर, खाली, एक बारीक अक्षर लिहायचं असतं. काय बदलू दिलं नाही, ते सांगणारं. घोकताना मी ते नक्षी समजून सोडून दिलं होतं. त्या विषयाच्या पेपरात नापास झाले. पुन्हा तसंच झालं असतं, तर बॅग भरावी लागली असती.

खोलीत सोबत उदगीरची शबाना होती, यूपीएससीवाली. ती म्हणाली, "चलो, आधी जेव, मग रड." तिने कुकर लावला आणि शेजारी पातेल्यात वरण ठेवलं. मी दोन्हींकडे बघत बसले. झाकण बंद असलं की वाफेला पसरायला जागा नाही, नुसता दाब वाढतो. उघड्यावर ती पसरते, बाहेरच्या हवेला ढकलते, आणि त्या ढकलण्यालाही उष्णता लागते. म्हणजे स्थिर काय धरलं त्यावर उत्तर बदलतं. इतकं साधं होतं ते. परीक्षेत पास झाले आणि दिल्लीत राहिले.

मग दिवाळीला घरी गेले. फोनवर अण्णा नेहमी म्हणायचे, "इकडे सगळं आहे तसंच आहे." पाहिलं तर ते भिंतीला धरून चालत होते. आधी मला रागच आला, मग फार वाईट वाटलं. आपण किती बदललो याचा हिशेब मी इतके दिवस परभणी स्थिर धरून करत होते. घर सोडून आलेले आपण बहुतेक सगळे हेच करतो. तिकडे राहिलेले तुम्हीही आम्हाला काही कळू देत नाही.

आता फरीदाबादला शिकवते. पोरं ते बारीक अक्षर विसरली की ओरडते. रविवारच्या फोनवर "सगळं ठीक ना?" विचारायचं सोडलंय; काय बदललं ते विचारते. अण्णा आधी टाळतात, मग सांगतात: जिना चढवत नाही, आई भाजीत मीठ विसरते, शेजारचे मुलाकडे राहायला गेले. घर म्हणजे आता माझ्यासाठी एवढंच, त्या आठवड्यात तिथे जे बदललं ते.

मागच्या रविवारी त्यांनी उलट विचारलं, "आणि तुझं काय बदललं?"

'आहे तसंच आहे' असं तोंडाशी आलं होतं, ते बाजूला ठेवून मी आठवू लागले. अण्णांनी फोन ठेवला नाही, थांबून राहिले.