बर्फात ठेवलेली काडतुसं

रविवार, ७ डिसेंबर १९८६. सकाळी नऊपासून मी क्लबच्या मागच्या खोलीत काडतुसं भरत बसले होते. पंखा बंद, कारण त्याच्या वाऱ्याने तराजूचा काटा हलतो. डिसेंबर असूनही पाठ घामाने भिजली होती. अंधेरीचा डिसेंबर कॅलेंडरवरच असतो.

काम कंटाळवाणं होतं, म्हणूनच मला जमायचं. दारू तराजूत मोजायची, पितळी पुंगळीत ओतायची, वर शिशाची गोळी बसवायची, यंत्राचा दांडा दाबायचा आणि पुढची पुंगळी उचलायची. माझा नवरा पिस्तुलाच्या स्पर्धा खेळायचा. त्याच्या पिस्तुलाला लागणारी चांगली काडतुसं परदेशातून यायची आणि सहसा यायचीच नाहीत. मग क्लबच्या परवान्यावर, क्लबच्याच खोलीत, वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरायच्या. पुरुषांनी भरली की दहातली दोन कमीजास्त निघायची. मी औषधाच्या कंपनीत, प्रयोगशाळेत वजनं करणारी बाई. एकदा सहज तराजूला हात लावला आणि कायमची अडकले.

त्या रविवारी दोघांसाठी भरत होते, एक नवरा आणि दुसरे मास्तर. दोघांची पिस्तुलं एकाच जातीची. मास्तर म्हणजे निवृत्त ड्रिलमास्तर, त्याआधी फौजेत. नवऱ्याला पिस्तूल धरायला त्यांनीच शिकवलं. आता दोघेही एकाच निवड चाचणीला निघाले होते. राज्याच्या संघात जागा चार, आणि पहिले तिघे कोण हे सगळ्यांना माहीत होतं. उरलेल्या एका जागेसाठी नवरा दोन वर्षं थोडक्यात हुकला होता. तो सेहेचाळीसचा झाला होता, लांबचं बघायला डोळे बारीक करायला लागला होता. "या वेळी नाही जमलं तर बंद," असं त्याने मला सांगितलं होतं. तो असं उगाच बोलणारा माणूस नाही.

चाचणी घाटावर होती, साडेचार हजार फुटांवरच्या एका गावात. मास्तर खुर्ची ओढून माझ्यामागे बसले.

"वर हवा पातळ असते. गोळीला अडवायला काही नाही. ती वर जाणार. दारू कमी कर थोडी."

"किती?"

"अगं, केसभर. लॅबवाली ना तू? केसभर कळत नाही?"

"केस कुणाचा, मास्तर? तुमच्या डोक्यावर तर नाहीत."

ते हसले, नवराही हसला, आणि मी दारू कमी केली. मास्तर फौजेत असताना डोंगरात रायफल चालवलेले. क्लबमध्ये दुसऱ्या कुणी डोंगरावर साधी छर्‍याची बंदूकही उडवली नव्हती. माझी सवय थोडं जास्तीचं भरायची, म्हणून नवऱ्यासाठी सव्वादोनशे, मास्तरांसाठी दीडशे भरली. डबे वेगळे, चिठ्ठ्या वेगळ्या. एकाच्या काडतुसांना दुसऱ्याने विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा क्लबचा लिहिलेला नसला तरी सगळ्यात पक्का नियम होता.

सोमवारी प्रयोगशाळेत एका सिरपचा नमुना घट्ट लागला म्हणून परत आला. चौकशी केली तर तो रात्रभर वातानुकूलित खोलीत राहिला होता. खोलीच्या तापमानाला आणल्यावर बरोबर उतरला. मी वहीत नोंद केली आणि पेन तसंच हातात राहिलं. आमच्या क्लबची सगळी काडतुसं तपासली जायची ती अंधेरीच्या खोलीच्या तापमानाला. फुटांचा विचार आम्ही केला होता, थंडीचा कुणाच्या मनातही आला नव्हता. नवऱ्याच्या बॅगेत मफलरसुद्धा नव्हता.

मंगळवारी अर्धी रजा टाकली. वर्सोव्याला आमच्या नेहमीच्या मासेवालीकडे गेले आणि बर्फ मागितला.

"मासं नको, नुसता बरफ?" ती म्हणाली. "घरात कोन आजारी हाय का गं?"

"काडतुसं थंड करायचीत."

तिने माझ्याकडे नीट बघितलं, मग बर्फाचा मोठा तुकडा फोडून पोत्यात बांधून दिला.

क्लबच्या रेंजवर नवऱ्याच्या डब्यातली वीस काडतुसं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधली, पिशवी स्टीलच्या डब्यात आणि डबा बर्फात ठेवला. तास झाल्यावर नवऱ्याने एकेक भरून उडवायला सुरुवात केली. तिसऱ्या गोळीला पिस्तूल अडकलं. रिकामी पुंगळी बाहेर टाकायच्या ऐवजी अर्धवट तोंडात धरून बसलं. मोकळं केलं, तर आणखी चार गोळ्यांनी पुन्हा तेच. डब्यातली न गारवलेली काडतुसं घातली, तर एकही अडकलं नाही.

गोष्ट सरळ होती. हे पिस्तूल गोळीच्या धक्क्यानेच मागे सरकून पुढची गोळी घेतं. थंडीत दारू मंद जळते, धक्का कमी पडतो. त्यात आम्ही दारूच कमी केलेली. आणि पातळ हवेचं म्हणाल, तर आमचं टार्गेट पंचवीस मीटरवर. एवढ्याशा अंतरात हवा गोळीचं काय वाकडं करणार? मास्तरांचा अनुभव खोटा नव्हता, पण तो तीनशे मीटरवरच्या रायफलीचा होता.

जुन्या मापाची थोडी काडतुसं कपाटात शिल्लक होती. तीही बर्फात ठेवून बघितली. वीसच्या वीस सुटली.

नवरा पुंगळ्या वेचत म्हणाला, "मास्तरांना तू सांगणार की मी?"

"मी सांगते. तुमचं ऐकून घेतील आणि विसरतील. माझ्यावर चिडतील तरी."

तसंच झालं. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले आणि बर्फाचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकताना दोनदा घड्याळ बघितलं.

"काडतूस म्हणजे पापलेट आहे का गं, बर्फात ठेवायला?"

"मास्तर, उद्या या. तुमच्याच डब्यातली घेऊन दाखवते."

"मी हिमालयात बर्फात उभं राहून फायर केलंय."

"रायफलने. तिच्यात प्रत्येक गोळी तुम्ही हाताने बोल्ट ओढून भरत होतात."

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "माझ्या डब्याला हात लावायचा नाही." मी चहा संपवला आणि निघाले.

बुधवार-गुरुवार ऑफिस सुटल्यावर नवऱ्याची उरलेली काडतुसं एकेक उघडून जुन्या मापाने पुन्हा भरली, कमी पडली तेवढी नवी भरून सव्वादोनशे पुरी केली. अंगठ्याची कातडी सोलली. मास्तरांचा डबा कपाटात समोरच होता. दोन्ही दिवस मी तो बाजूला सरकवून माझं काम केलं.

चाचणी शनिवार आणि रविवार, दोन्ही दिवसांचे गुण मिळून. शनिवारी सकाळी साडेसातला रेंजवर बोलताना तोंडातून वाफ येत होती. मुंबईहून आलेले सगळे पुरुष ऐटीत अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून आले होते आणि आता काखेत हात घालून उभे होते. मी नवऱ्याला माझी शाल दिली. त्याने आधी इकडेतिकडे बघितलं, मग घेतली.

पहिल्या भागात सावकाश नेम धरायचा असतो. मास्तरांचं पिस्तूल एकदा अडकलं, पण वेळ होता, त्यांनी मोकळं केलं. दुसऱ्या भागात टार्गेट तीन सेकंद समोर येतं आणि वळतं. तिथे पिस्तूल अडकलं की गोळी गेली. एकदा माफी असते, पुन्हा खेळू देतात. दुसऱ्यांदा माफी नाही. मास्तरांचं पिस्तूल दोनदा अडकलं. दुसऱ्या वेळी त्यांनी नियमाप्रमाणे हात वर केला आणि पंच येईपर्यंत तो तसाच वर धरून उभे राहिले. शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे, हे माझ्या मनात आलं आणि मला ते आवडलं नाही. मी गुण लिहायच्या वहीत मान घातली.

नवऱ्याचं एकदाही अडकलं नाही. दिवसअखेर तो चौथा होता. मास्तर सहावे, त्याच्यापेक्षा सात गुणांनी मागे, आणि ते सातही गुण अडकलेल्या पिस्तुलाने खाल्लेले होते.

संध्याकाळी चहाच्या वेळी मास्तर लॉजवरच्या आमच्या खोलीच्या दारात आले. आत या म्हटलं, तर आले नाहीत.

"तुझ्या पापलेटाचं बरोबर होतं," ते म्हणाले. "एवढंच सांगायचं होतं. सांगायला हवं." आणि गेले. मागितलं काहीच नाही.

माझ्या पिशवीत नवऱ्याची दीडशे काडतुसं होती. त्याला उद्या पंचाहत्तर पुरणार होती. मी दार लावलं. नवरा पिस्तुलाची नळी पुसत होता.

"जास्तीची आहेत," मी म्हटलं.

"माहितीये."

"तुमची आहेत. तुम्ही म्हणाल तसं."

तो बराच वेळ नळी पुसत राहिला. ती केव्हाच स्वच्छ झाली होती.

"ती दिलीस तर ते मला मागे टाकतील," तो म्हणाला. "बारा वर्षं बघतोय त्यांना. चालू पिस्तूल हातात असलं तर टाकतीलच."

"हो."

"मग विचारतेस कशाला? त्यांनाही विचारू नकोस, नाही म्हणायची सोयच ठेवू नकोस. डबाच दे."

पुढचं इथेच सांगून टाकते. चौथी जागा मास्तरांना मिळाली. नवरा एका गुणाने पाचवा आला. पिस्तूल बंद करायचं त्याने जे सांगितलं होतं, ते त्याने पाळलं. त्यानंतर तो स्पर्धेत उतरला नाही, पंच झाला, आणि पंच म्हणून खेळाडूपेक्षा चांगला निघाला. मी दिलं ते चूक की बरोबर, असं मला अधूनमधून कुणीतरी विचारतं. माझं म्हणणं इतकंच की चुकीचं वजन माझ्या हाताने भरलं होतं, मास्तरांच्या नाही. त्यांनी सांगितलं होतं, पण तराजू माझ्यासमोर होता.

रविवारी सकाळी मी सहाला उठले. पंचाहत्तर काडतुसं मोजून वेगळ्या डब्यात घातली, चिठ्ठीवर भरल्याची तारीख आणि दारूचं माप लिहिलं, आणि डबा रेंजवर मास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवला. "जुनं माप आहे. तुमच्या कालच्यापेक्षा गोळी वेगळी बसेल, सरावाच्या गोळ्यांत नेमाची साइट जुळवून घ्या," एवढं सांगितलं. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि डबा उघडला. मग मी मागच्या बाकावर जाऊन बसले, वहीचं पान उघडलं आणि मधोमध रेघ मारून दोघांचे गुण लिहायला दोन रकाने केले.