पासाचा डबा

नातीनं परवा शहरातल्या बसचं कार्ड माझ्यापुढं नाचवलं. "आजी, यंत्राला नुसतं टेकवायचं. तिकिटात सूट मिळते."

मी विचारलं, "आधी चालत किती जायचीस?"

तिला वाटलं, आजीला ऐकू आलं नाही. कान माझे शाबूत आहेत. डोकं मात्र एकदा बंद पडलं होतं, नव्वदच्या दशकात.

तेव्हा आम्ही सांगलीत राहायचो आणि मी माधवनगरच्या एका बालवाडीत शिकवायला जायचे. पगार घरात जायचा. माझी आई साताऱ्याजवळच्या खेड्यात. तिला भेटायला जायचं म्हणजे यांच्यापुढं हात पसरायचा. हे कधी नाही म्हणाले नाहीत, पण "परत?" एवढं विचारायचे. त्या एका शब्दापायी मी ठरवलं, साताऱ्याचं तिकीट आपल्या पैशानं काढायचं.

त्याच सुमारास कळलं की वीस दिवसांचं भाडं भरलं की महिन्याचा पास मिळतो. म्हणजे दहा दिवस फुकट! साठवलेल्या पैशातून पास काढला, फोटो चिकटवला. फोटोत मी अशी बघत होते, जणू अख्खी बस विकत घेतलीय.

शिवाय प्रयोग करायचं ठरवलं. रोज तिकिटाला लागायची ती नाणी चहाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. महिन्याअखेर त्यातून पासाची किंमत काढून घ्यायची. उरेल ती साताऱ्याची वाट.

महिना संपला. डबा पलंगावर उपडा केला. दोनदा मोजलं. उरणं राहू दे, पासाचेच पैसे निघेनात.

हे पेपरातून डोकावले. "डब्याला भोक आहे का बघ."

"गप बसा हो. रोज न चुकता टाकलेत."

"किती?"

"तिकिटाला द्यायचे तेवढेच."

"कुठून कुठपर्यंतच्या?"

आणि मी बोटांवर टप्पे मोजायला लागले. पासाआधी मी घरापासून पुढच्या टप्प्यापर्यंत चालत जाऊन बस धरायचे, आणि उतरायचेही एक टप्पा अलीकडं. भाडं जवळजवळ निम्म्यावर यायचं. पास होता पूर्ण भाड्याचा. बालवाडीच्या पोरांना आकडे शिकवणाऱ्या बाईनं रविवारसुद्धा बसच्या दिवसांत धरले होते!

एक मात्र झालं. त्या महिन्यात चांभाराकडं एकदाही गेले नाही. चपलेचा हिशेब कुठल्या डब्यात टाकायचा, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पास पुन्हा काढला नाही. परत चालायला लागले, तेही आधीपेक्षा एक टप्पा जास्त. वाचलेली नाणी डब्यात. दोन-अडीच महिन्यांनी, कुणालाही न विचारता, साताऱ्याच्या गाडीत खिडकीशी बसले. हे स्टँडवर सोडायला आले होते. "परत?" म्हणाले नाहीत.

आईनं पाय धुवायला पाणी दिलं आणि माझ्या टाचा बघून थबकली. आत जाऊन कोकमतेल घेऊन आली, भेगांत चोळायला लागली.

"सांगलीत गाड्या बंद हायत व्हय गं?"

"नाही. तुझ्याकडं यायला पैसे साठवत होते."

ती चोळत राहिली. मग म्हणाली, "येडे, एक पत्र टाकायचं. मीच आले असते की. मला म्हातारीला अर्धंच तिकीट पडतंय."