आकाराम फौजीच्या जिपीचं नाक

आकाराम सतरा वर्षं फौजेत होता आणि सतराही वर्षं लंगरात, म्हणजे फौजेच्या भटारखान्यात होता. पण आटपाडीच्या अलीकडच्या त्या गावात ही गोष्ट एकट्या मंगलला, त्याच्या बायकोला, माहीत. बाकीच्यांना तो रणगाड्याचं इंजिन कसं खोलायचं ते सांगायचा. पुऱ्या तळलेला माणूस हवेत पाना फिरवायचा आणि लोक चहा पाजून ऐकायचे. मंगल आपली गप्प.

पेन्शनीत आल्यावर त्यानं एक जुनी जीप घेतली आणि त्या बिचारीचे हाल सुरू झाले. "कंपनीवाल्यांना अक्कल न्हाई गड्या! गाडीचं नाक चोंदलंय. मोकळी हवा दिली की बघ कशी पळतीया!" असं म्हणून त्यानं हवा गाळायचा कंपनीचा डबा उपटून फेकला. त्या जागी पाण्याचा प्लॅस्टिकचा पाईप बसवला, वळणाला दोन एल्बो चिकटवले, जोडावर एमसील थापलं, पाईपाचं तोंड बॉनेटबाहेर काढलं आणि वरून काळा रंग फासला. कचरा जाऊ नये म्हणून तोंडाला जाळी लावली. जाळी कसली, मंगलची पिठाची चाळण! त्या दिवसापासून त्या घरात भाकरीत कोंडा यायला लागला.

जीप काही पळेना. आवाज मात्र अडलेल्या म्हशीसारखा काढायची. "ऐकलंस? ही ताकद हाय!" आकाराम म्हणायचा. पाईप कुठला, हे मंगलनं एकदा विचारलं होतं. "पडला हुता," एवढंच तो बोलला. उरलेला लांब तुकडा त्यानं न्हाणीला लावून सांडपाणी परड्यात सोडलं. न्हाणीतला चिखल गेला, म्हणून मंगलनंही पुढं विचारलं नाही.

यंदा सरपंचपद बाईला राखीव निघालं. आकारामनं अर्ज भरला, म्हणजे सही मंगलची घेतली. "आपुन उभं राह्यलोय," असं तो गावभर सांगत हिंडला. मंगल मात्र त्याला न विचारता वरच्या वस्तीवर जाऊन आली. गावात सगळीकडं नळ आले होते, वस्तीवरच तेवढे कोरडे. दोन वर्षांपूर्वी पाईप आले तेव्हा ग्रामपंचायतीच्या शिपायानं त्यांच्यावर लाल रंगानं 'वरची वस्ती' असं लिहूनही ठेवलं होतं. पण जमिनीत पुरायच्या वेळी एक पाईप कमी भरला आणि काम जे थांबलं ते थांबलंच. सत्तरीची मनुबाई अजून ओढ्याच्या हापशावरनं हंडा वाहत होती. मंगलनं तिच्या चुलीपुढं बसून शब्द दिला, "मावशे, निवडून आले तर पयलं काम तुझ्या नळाचं. न्हाई केलं तर तोंड दाखवायची न्हाई." वस्तीनं झाडून मतं टाकली. त्याच मतांवर ती निवडून आली.

मिरवणूक निघाली. जीप आकाराम चालवणार, मागं हार घालून मंगल उभी. गुलाल असा उधळला की माणूस माणसाला ओळखेना. जीप मोकळ्या नाकानं तो गुलाल ओढत राहिली. वस्तीच्या वाटेपाशी ती खोकली, शिंकली आणि जाग्यावर बसली. हलगी थांबली.

"कायबी झालं न्हाई! फौजेत असलं लय बघितलंय!" आकारामनं बॉनेट उघडलं. चाळणीत गुलालाचा लगदा बसलेला. त्यानं पाईप हिसकून काढला आणि दगडावर दाणदाण आपटला. गुलाल सांडला आणि उन्हानं, इंजिनाच्या धगीनं भाजलेल्या काळ्या रंगाचे पापुद्रेही निघाले. खाली लाल अक्षरं होती. 'वरची व'. पुढं कापलेलं.

मंगलनं जीपवरनं वाकून ते वाचलं. मनुबाई वाटेकडंला उभी होती. तिला वाचता येत नव्हतं, पण लाल अक्षरं तिच्या ओळखीची होती.

"ह्यो आमचा पाईप न्हवं का गं?" ती म्हणाली. "एवढुसाच? बाकीचा कुठं गेला?"

"आगं म्हातारे, तसले लय पाईप असत्यात," आकाराम म्हणाला आणि त्यानं मंगलकडं बघितलं. सतरा वर्षांच्या पुऱ्या जिनं पोटात ठेवल्या, ती हेही ठेवील, याची त्याला खात्री होती.

मंगल जीपमधून उतरली. गळ्यातला हार काढला.

"मावशे, बाकीचा माझ्या न्हाणीला हाय," ती म्हणाली. "दोन वरसं रोज त्याच्यातनं अंघोळीचं पाणी सोडतीया मी. कुठनं आणला, ते एकदा इचारलं, पुन्हा इचारलं न्हाई. चुकलं माझं."

"आगं येडे, माणसं बघत्यात!" आकाराम दात आवळून म्हणाला.

"बघू द्यात. उद्या नवा पाईप आणायचा आन् चर तुमी खणायचा. सरपंच सांगतीया."

लोक हसले. हसणाऱ्यांत कालपर्यंत त्याला चहा पाजणारेच पुढं होते.

चौथ्या दिवशी मनुबाईच्या दारात पाणी आलं. हाताला फोड आलेला आकाराम कुदळीला टेकून जमलेल्यांना सांगत होता, "पाईपलाईन म्हंजे फौजेत आमच्या डाव्या हाताचा मळ. आपुनच आणलं की नळाला पाणी!"

मनुबाईनं भरलेला हंडा त्याच्या पुढ्यात ठेवला.

"व्हय बाबा, तूच आणलंस," ती म्हणाली. "आता एवढा डोस्क्यावर घे आन् ओढ्यापतूर जाऊन ये. दोन वरसं मी काय आणत हुते, ते बी बघ."

आकारामनं मंगलकडं बघितलं. मंगलनं हंडा उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला.