उशिराची लादी

"हवामा कितला घंटा? आनि जमीनवर कितला?" गल्लीत कुणी वारलं आणि पोरं परदेशात असली, की आमचे बर्फवाले आप्पा दारात येऊन आधी हेच विचारायचे. विमानाचे तास, मग मुंबईहून नंदुरबारपर्यंत गाडीचे तास. तोंडातल्या तोंडात बेरीज करून बर्फाच्या किती लाद्या लागतील ते ठरवायचे आणि शेवटी म्हणायचे, "नि एक लादी उशीरनी."

लग्नातल्या सरबतालाही त्यांचा हाच हिशेब. वऱ्हाड कुठून येणार हे कळल्याशिवाय ते भुशातून लादी बाहेर काढत नसत. दुबईहून निघालेला नवरदेव वेळेवर उभा राहिला आणि इथल्याइथे रनाळ्याहून येणाऱ्या वऱ्हाडापायी बर्फाचं पाणी झालं, हे ते रनाळ्याच्या प्रत्येक माणसाला ऐकवायचे. तुम्ही त्यांना पाहिलं असतंत तर भांडखोरच समजला असतात.

माझे वडील वैशाखात गेले तेव्हा मी टोरांटोत होते. टोरांटो ते दिल्ली चौदा तास, पुढे मुंबई, पुढे गाडी. सगळं जुळून आलं तरी दीड दिवस. काकांचं म्हणणं पडलं, ऊन फार आहे, अंधाराआधी उरकून घेऊ; मुलगा असता तर थांबलो असतो. आप्पा ओट्यावर बसून ऐकत होते.

"पोर ई ऱ्हायनी," ते म्हणाले. "बरफ मी लयसू. तुम्हीन वाट दखा."

काकांनी मग अंधाराआधी उरकायचा बेत सोडला.

दिल्लीला विमान रखडलं. उशिराची लादीही संपली. आप्पांनी कारखान्यातून आणखी आणल्या आणि गोणपाटं बदलत वडिलांपाशी बसून राहिले. हे मला आईने नंतर सांगितलं. घर तास-दीड तासावर आल्यावर नवापूरहून मी फोन केला, तेव्हा आप्पांनी बर्फ बाजूला काढायला लावला आणि स्वतःच्या उपरण्याने वडिलांचे हात कोरडे केले.

मी पोचले तेव्हा ते दारातच उभे होते.

"उनी का, माय? जाय. हात थंडा लागी, घाबरू नको."

मी घाबरले नाही. तो हात धरून मनसोक्त रडले. काकांनीच सरकून मला जागा करून दिली.

पुढे दर सुट्टीत आप्पांना भेटायचे. त्यांचे उपकार आठवून डोळे भरून यायचे, पण आभाराचा शब्द काढला की ते लगेच उसाचा रस मागवायचे, आणि तोंडात ग्लास असताना माणूस किती बोलणार?

यंदा फाल्गुनात आप्पा गेले. दोन्ही मुलं गल्लीतच राहणारी, त्यामुळे थांबायचं कुणासाठी? दुपारपर्यंत सगळं आटोपलं. आईचा फोन आला तेव्हा मी टोरांटोत नुकती उठत होते. शेजारच्या मुलीसाठी कुणी थांबावं, असं माझं तरी काय नातं? वडिलांचा हात मला धरता आला तो आप्पांमुळे. आप्पांचा मात्र धरायचा राहून गेला.