कॅप्टनच्या तोंडचं मराठी

अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, उभी हयात तेरखेड्यात फटाक्यांच्या कामात गेली आणि साठीच्या आत कान पार गेले. तरी टीव्हीवरची ती अंतराळयानाची मालिका त्यांनी सोडली नाही. वर्षानुवर्षं चाललेली, कॅप्टनसुद्धा तीनदा बदललेला. मध्येच विचारायचे, "काय म्हनला गं त्यो?" मी ओरडून सांगेपर्यंत यान दुसऱ्या ग्रहावर पोचलेलं असायचं.

मग मला कळलं, त्या मालिकेची इंग्रजी कॉमिक्स निघतात. मी ती मागवायची, संवादाच्या फुग्यांवर कागदाचे तुकडे खळीनं चिकटवायची आणि वर मराठी लिहायची. परग्रहावरचे लोक कॅप्टनला "राम राम पाव्हणं" म्हणायचे. अण्णा हसून हसून डोळे पुसायचे.

गेल्या वर्षी त्यांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, फार दिवस नाहीत. अण्णांना आम्ही सांगितलं, आतड्याला सूज आहे. दुसऱ्या घरात अशा वेळी कुजबुजतात. आम्ही त्यांच्या खाटेशीच चहा पीत सगळं बोललो. किती दिवस उरले, पुण्याच्या थोरल्या भावाला कधी बोलवायचं. बहिऱ्या माणसापासून काय लपवायचं, एवढी आमची अक्कल.

त्याच आठवड्यात नवा अंक आला. त्यात कॅप्टन मरत होता. माझा हात चालेना. शेवटी मी त्याच्या तोंडी लिहिलं, "जरा थकलोय. दोन दिवस पडतो, मग निघू घरला."

अण्णांनी सावकाश वाचलं. शेवटच्या पानावर बोट ठेवून म्हणाले, "बाई, ह्यो तर मेलाय की."

मी जोरजोरात नाही-नाही अशी मान हलवली.

"भवतालच्यांची तोंडं बघ. समदे तुझ्या आईवानी करायलेत. तिकडं वळून डोळे पुसायचे अन् इकडं वळून हसायचं." त्यांनी अंक मिटला. "टीव्हीतल्या गोऱ्यांची तोंडं कळत न्हाईत, माय. घरच्यांची कळत्यात. थोरल्याला दिवाळीला बोलवायचं ठरलंय न्हवं तुमचं? आत्ताच बोलव. लई बोलायचंय त्याच्याशी."

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. मग उठून थोरल्याला फोन लावला.

रजा मिळवून तो पाचव्या दिवशी आला. तोवर अण्णांना डोळे उघडवत नव्हते. श्वास तेवढा चालू होता. थोरला त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तासभर बोलत राहिला, आणि त्याला थांबवायचं कसं, हे आम्हाला कुणालाच कळेना.